पोपाय, ऑलिव्ह आणि राजारामपुरीतली शिलाई

कार्टूनमधल्या जोडीची वेशभूषा दोघांची मिळून एक असते आणि तिची कसोटी साधी आहे. दोघे शेजारी उभे राहिले की बघणाऱ्याला नावे विचारावी लागू नयेत. एकटा ओळखू आला आणि दुसऱ्याची ओळख करून द्यावी लागली, तर जोडी फसली. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी आज कोल्हापुरातले तरुण नवरा-बायको जे पोशाख मागवतात, त्यांची रीत अमेरिकेतली आहे. पण शहरातल्या राजारामपुरी भागात हॅलोवीन हा शब्द कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून कार्टूनच्या जोड्या उभ्या राहत होत्या, आणि १९९०च्या दशकात तर त्या घरच्या शिलाई मशीनवर तयार होत होत्या. त्या दशकातल्या हातकामाची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही.

हॅलोवीनचा स्वतःचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर पाळला जाणारा हा जुना सण १८४०च्या दशकातल्या दुष्काळानंतर आयरिश स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पसरला. सुरुवातीला भुते आणि चेटकिणी होत्या. मग १९३७ साली सुरू झालेल्या बेन कूपर या कंपनीने कार्टूनमधल्या पात्रांचे परवाने घेऊन खोक्यातले पोशाख विकायला काढले. इलॅस्टिकने बांधायचा प्लास्टिकचा मुखवटा आणि वर एक पातळ झगा, एवढाच तो पोशाख. झग्याच्या छातीवर पुष्कळदा त्याच पात्राचे चित्र नाहीतर नाव छापलेले असे. कपड्यावरून पात्र कळत नसेल तर छातीवर नाव लिहून टाकायचे, ही वाईट खोड तिथपासूनची आहे आणि ती आजच्या तयार पोशाखांच्या पाकिटांतही टिकून आहे. जोड्या मात्र कसदार होत्या. मिकी आणि मिनी दोघे १९२८ सालचे. ऑलिव्ह ऑइल १९१९ पासून वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत होती आणि पोपाय तिच्या आयुष्यात आला तो थेट जानेवारी १९२९ मध्ये. फ्रेड आणि विल्मा फ्लिंटस्टोन १९६० साली दूरचित्रवाणीवर आले.

कोल्हापूरला जोडीचे सोंग नवे नव्हते. आषाढी एकादशीला शाळेच्या दिंडीत विठ्ठल-रखुमाई आणि गोकुळाष्टमीला राधा-कृष्ण, ही इथली सवय. हॅलोवीनचा भोपळाही नवा नाही. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो. ती टेकडी राजारामपुरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली याच शहरात स्थापन झाली, १९३३ साली ती पुण्याला गेली, तरी चित्रपट आणि नाटकाने इथे ड्रेपरीचा धंदा रुजवला होता. किरीट, गदा, जिरेटोप, दाढीमिशा हवे तेव्हा भाड्याने मिळत. कार्टूनचे काही मिळत नसे, आणि हीच अडचण पुढे उपयोगी पडली.

पहिली कार्टून-जोडी छापील कागदावरून आली. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती आणि मराठीतही वाचली जात होती. वेताळ आणि डायना, मॅन्ड्रेक आणि नारदा, आबिद सुरतींचा बहादूर आणि त्याची बेला, अशा जोड्या तिच्यात होत्या. पोशाख म्हणून त्या बहुतेक लंगड्याच. वेताळाचा जांभळा तंग वेश, मुखवटा आणि कवटीची अंगठी दुरून ओळखू येते, पण डायना नेहमीच्या कपड्यांत वावरते. तिला शेजारी उभी केली की वेताळ एकटाच सोंगात राहतो. या मानाने प्राण यांची १९७१ सालची चाचा चौधरी आणि बिनी ही जोडी कितीतरी भक्कम होती. लाल पागोटे, पांढऱ्या मिशा, काठी. शेजारी ठसठशीत बांध्याची बिनी आणि तिच्या हातात लाटणे. घरातल्या घरात दोघेही तयार होत.

खरा बहर १९९१ नंतरचा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी डिस्नेची कार्टून मालिका लागू लागली, केबलच्या काळ्या तारा गल्लीगल्लीत गच्च्यांवरून लोंबकळू लागल्या आणि १ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क भारतात सुरू झाले. पोपाय आणि ऑलिव्ह घरात आले. राजारामपुरीची रचना या हौसेला सोयीची होती. क्रमांकाच्या सरळ गल्ल्या, मुख्य रस्त्यावर कापडाची दुकाने, आणि गणेशोत्सवात तांत्रिक देखावे करणारी मंडळे. देखाव्यासाठी थर्माकोल कापणारे, फोमला आकार देणारे, पुठ्ठ्यावर रंग मारणारे हात गल्लीतच होते. गणपती झाले की उरलेला फोम स्नेहसंमेलनाच्या दिवसांत मिकीच्या कानांना कामी येई.

मिकीचे कान हा नीट समजून घेण्याचा विषय आहे. चित्रात मिकीने मान कुठेही वळवली तरी त्याचे कान गोलच दिसतात. कागदावर हे चालते, माणसाच्या डोक्यावर चालत नाही. हेअरबँडला पुठ्ठ्याच्या दोन चकत्या चिकटवल्या, तर समोरून मिकी दिसतो आणि बाजूने डोक्यावर नुसत्या दोन काड्या उभ्या दिसतात. म्हणून जाणते लोक बोटभर जाडीचा फोम कापून त्यावर काळे वेल्वेट ताणून बसवत आणि कान एका रेषेत न लावता थोडे तिरके लावत. रंगमंचावर समोरच्याच प्रेक्षकांना दाखवायचे असेल तर पुठ्ठा पुरे. मिरवणुकीत चारी बाजूंनी लोक असतात, तिथे फोमच हवा.

त्याहून मोठी गोष्ट कापडाची. मिकीची चड्डी लाल आणि मिनीचा फ्रॉकही लाल. हा लाल एकाच थानातला असावा लागतो. दोन दुकानांतून आणलेले दोन लाल घरात सारखे वाटतात आणि दिव्याखाली वेगळे पडतात. त्या क्षणी जोडी तुटते. कापड स्वस्त होते, इचलकरंजीचे माग शेजारीच. ठिपक्यांचे तयार कापड मिळे, पण त्यावरचे ठिपके इतके बारीक की चौथ्या रांगेतून ते नुसते गुलाबी दिसे. मग साधे लाल कापड जमिनीवर पसरायचे, बाटलीचे बूच पांढऱ्या फॅब्रिक रंगात बुडवायचे आणि हातभर अंतरावरून बघत ठसे उमटवायचे. बूच दर चार-पाच ठशांनंतर पुसले नाही तर ठिपक्याला शेपूट फुटते.

पोपाय आणि ऑलिव्हची जोडी वेगळ्या तत्त्वावर उभी असते. तिथे सगळी गंमत आकारांच्या विरोधात आहे. पोपायचा दंड बारीक आणि कोपराखालचा हात फुगलेला, म्हणजे पहिलवानाच्या नेमका उलट. तालमींच्या या गावात पुष्कळांनी इथेच चूक केली आणि दंड फुगवले. बरोबर रीत अशी, की कातडीच्या रंगाचा लांब मोजा मनगटापासून कोपरापर्यंत चढवायचा, आत कापूस भरायचा, वर स्केचपेनने नांगर काढायचा. पाइपाला दाणे काढलेले मक्याचे कणीस चाले; मूळ चित्रातला पाइपही कणसाचाच आहे. ऑलिव्हला लाल ब्लाऊज, घोट्यापर्यंत सरळ काळा स्कर्ट, मानेवर घट्ट अंबाडा आणि मोठ्या भावाचे बूट. पोपायच्या कॉलरचा लाल आणि तिच्या ब्लाऊजचा लाल पुन्हा एकच हवा.

या सगळ्या मेहनतीला त्या काळी न्याय मिळाला नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धांत बक्षीस ठरलेले असे : लाकडी तलवार उपसून खणखणीत भाषण करणारी झाशीची राणी किंवा झाडू घेतलेले गाडगेबाबा. थोरांच्या वेशाबद्दल तक्रार नाही. पण भाड्याच्या ड्रेपरीतल्या तलवारीला गुण आणि आठ दिवस खपून केलेल्या कानांना हशा, ही परीक्षा वेशभूषेची नव्हती. अर्जावर एकाच नावाची जागा असली की मिकी आणि मिनी वेगवेगळ्या क्रमांकावर मंचावर येत आणि जोडीचा अर्थच संपे. पाचवी-सहावीनंतर मुलगा-मुलगी जोडीने उभे राहणे घरच्यांना आणि शाळेला खपत नसे. त्यामुळे भाऊ-बहीण तरी असत, नाहीतर दोन मैत्रिणी, आणि मग पोपायच्या टोपीखाली वेणी खोचलेली असे. मोठ्यांनी, त्यातही नवरा-बायकोने, असे काही करायचा तर विचारही कुणी बोलून दाखवत नव्हते. आज हे बंधन सुटले, ही नव्या काळाची चांगली बाजू.

मराठी पात्रांची जोडी मात्र तेव्हाही झाली नाही आणि आजही होत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, म्हणजे ऐन त्याच बहरात. चिंटू आणि त्याची मैत्रीण मिनी शेजारच्या घरातल्या मुलांसारखे दिसतात. हेच त्यांचे बळ आणि वेशभूषेसाठी हीच अडचण. यावर उपाय आहे. पुठ्ठ्याची मोठी काळी चौकट करून दोघांनी ती हातात धरली आणि वर बोलण्याचा फुगा लावला, की ती चित्रमालिका होते. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस तर नवरा-बायकोसाठी आयता आहे. चौकटीचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलाच्या कडेला विस्कटलेले केस. शेजारी साडी नेसलेली, त्याच्या वाट्याचेही बोलणारी बायको.

२००० नंतरची वर्षे भराभर सांगण्याजोगी. २००४ साली पोगो आले, २००८ साली छोटा भीम, आणि भीम-चुटकीचे तयार पोशाख दुकानांत टांगले गेले. नंतर मोबाइलवरून पाकिटे येऊ लागली. २०१६ साली दिवाळीचा पाडवा ३१ ऑक्टोबरलाच आला होता. जोडीने नटण्याचा हक्काचा दिवस आणि हॅलोवीन एकाच तारखेला. २०२४ साली त्याच तारखेला नरक चतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान आणि रात्री मिनीचे कान, असा दिवस आखायला आता कुणाची ना नाही. खुपते ते एवढेच, की दोघांची दोन पाकिटे दोन विक्रेत्यांकडून येतात. एक लाल केशरीकडे झुकलेला, दुसरा मरून. कान सपाट, शिलाई कच्ची, माप सगळ्यांना एकच, आणि कॉलर नायलॉनची, जी ऑक्टोबरच्या उकाड्यात तासाभरात गळ्याला टोचते.

पाकीटच घ्यायचे असेल तरी दुरुस्ती शक्य आहे. दोन्ही पोशाख एकाच वेळी एकाच शिंप्याकडे न्यावेत आणि लाल भाग उसवून एका थानाचे कापड लावून घ्यावे. मिनीचा फ्रॉक आणि मिकीची चड्डी मिळून साधारण तीन मीटर कापड पुरते. कान टाकून देऊन फोमचे करावेत. छातीवर पात्राचे नाव छापलेले असेल, तर तो तुकडा आधी काढावा.