कान्हेरी : एका डोंगराच्या नावाची व्युत्पत्ती

ध्वनिपरिवर्तनाचे नियम आपण आतापर्यंत सुट्या शब्दांच्या आधारे पाहिले. आता ते एका स्थलनामाला लावून पाहू. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा डोंगर त्यासाठी मुद्दाम निवडला आहे. कारण या नावाची जुनी रूपे त्याच डोंगराच्या कातळात कोरलेली आहेत. अशी सोय फार थोड्या स्थलनामांच्या वाट्याला येते.

हे नाव कशावरून पडले, असे विचारल्यास दोन उत्तरे सहज मिळतात : कण्हेरीच्या झाडावरून, किंवा कान्हा म्हणजे श्रीकृष्ण यावरून. दोन्ही ऐकायला गोड आहेत आणि दोन्ही केवळ ध्वनिसाम्यावर उभी आहेत. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती हीच.

येथील शंभराहून अधिक बौद्ध लेणी सुमारे हजार वर्षांच्या काळात खोदली गेली. त्यांतील ब्राह्मी लिपीतल्या प्राकृत दानलेखांत या डोंगराचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. नवव्या शतकातील, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील संस्कृत लेखांत ते ‘कृष्णगिरि’ असे येते. ‘सेल’ म्हणजे शैल. शैल आणि गिरी हे समानार्थी शब्द आहेत. नावाचा उत्तरार्ध बदलला, तरी अर्थ बदलला नाही. म्हणजेच ते वापरणाऱ्यांना त्याचा अर्थ कळत होता : काळा डोंगर. हा कातळ ज्वालामुखीजन्य आहे. पावसात भिजल्यावर तो कसा दिसतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘कृष्ण’ हे विशेषण निराळे समजावून सांगावे लागणार नाही. बौद्ध भिक्षूंच्या विहाराच्या नावात देवाचा शोध घेण्याचे कारणही उरत नाही.

आता ध्वनींकडे वळू. ‘कृष्ण’चे प्राकृतात ‘कण्ह’ झाले. येथे ‘ऋ’चा ‘अ’ आणि ‘ष्ण’चा ‘ण्ह’ झाला आहे. हेच दोन्ही बदल ‘तृष्णा – तण्हा – तहान’ या मालिकेत दिसतात. ‘उष्ण – उण्ह – उन्ह’ यात दुसरा दिसतो. पुढे मराठीत येताना जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘कर्ण – कण्ण – कान’ आणि ‘पर्ण – पण्ण – पान’ ही उदाहरणे आठवा. त्याच वाटेने ‘कण्ह’चे ‘कान्ह’ झाले.

उत्तरार्धात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ग’ लोपला. कण्हगिरि – कण्हइरि – कान्हेरी असा क्रम मानावा लागतो. यांतील मधले रूप अनुमानित आहे, लेखांत सापडलेले नाही. हा फरक उत्तरपत्रिकेत अवश्य नोंदवावा. लोप पावलेल्या ‘ग’नंतर जवळ आलेल्या स्वरांचा ‘ए’ होणे मराठीला नवे नाही. ‘नगर – नयर – नेर’ या मार्गानेच संगमनेर, अमळनेर ही नावे सिद्ध झाली.

मग कण्हेरीच्या झाडाचे काय? त्याचे मूळ ‘करवीर’, प्राकृतात ‘कणवीर’. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत एकमेकांच्या इतके जवळ पोहोचले की लेण्यांचे नावही काही जण ‘कण्हेरी’ असे लिहितात. त्यामुळे आजच्या लेखनावरून येथे निर्णय होत नाही. ध्वनिनियम शक्यता दाखवतात. निर्णय शिलालेख करतात.

एक बाब विद्यार्थ्यांच्या नजरेतून बहुधा सुटते. संस्कृत ‘कृष्णगिरि’ आपल्याला मूळ रूप वाटते, परंतु उपलब्ध लेखांत प्राकृत ‘कण्हसेल’ त्याच्या कित्येक शतके आधी येते. नवव्या शतकातील लेखनिकाने संस्कृत रूप लिहिले, तेव्हा डोंगराखालच्या गावांतील बोलण्यात ते नाव बरेच झिजलेले असणार. शिवाय आजचे ‘कान्हेरी’ हे ‘सेल’चे वंशज नाही, ‘गिरि’चे आहे.