अन्नाचें ऋण आणि एक सामुराई

वडशाच्या मंडळ्यांचीं नाटकें शंकरपटानंतर रात्रभर पाहणाऱ्या आम्हां झाडीपट्टीच्या लोकांस कोणताहि खेळ संथ वाटूं नये. परंतु जिम जार्मुश यांचा 'घोस्ट डॉग' हा १९९९ सालचा अमेरिकन बोलपट घरीं पाहिला, तेव्हां पहिली तक्रार तीच झाली. नातवंडांस मारामारी हवी होती. येथें फॉरेस्ट व्हिटेकर यांनीं रंगविलेला मारेकरी गच्चीवर कबुतरें पाळतो आणि 'हागाकुरे' हा सामुराईंचा अठराव्या शतकांतील ग्रंथ वाचीत बसतो! त्याचा आइसक्रीमवाला मित्र फ्रेंचखेरीज कांहीं बोलत नाहीं, ह्यास फ्रेंच कळत नाहीं, तरी दोघांच्या तोंडीं आशय एकच. तेथें मात्र सारे हंसले.

खरा वाद शेवटावर पेटला. प्राण वांचविणाऱ्या एका गुंडास ह्यानें धनी मानिलें आहे. तोच धनी मारावयास उभा राहतो, तेव्हां हा रिकामें पिस्तूल घेऊन सामोरा जातो. मीं कर्णाचें उदाहरण दिलें : दुर्योधनाचा अधर्म त्यास दिसत होता, कृष्णानें राज्य देऊं केलें, तरी तो ऋण विसरला नाहीं. सूनबाईनें शांतपणें विचारिलें, "मामंजी, कर्ण पैसे घेऊन माणसें मारीत होता काय?"