चाचणीचा भार कोणाच्या खांद्यावर?

मुळशी तालुक्यातील बावधनच्या वेशीवर असलेला चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, स्फोटकांनी पाडण्यात आला. सुमारे ६०० किलो स्फोटके त्यासाठी वापरली गेली. महामार्गावरील वाहतूक आधीच थांबविण्यात आली होती, आजूबाजूचा परिसर रिकामा करण्यात आला होता आणि पोलिसांचा कडक बंदोबस्त होता. धुळीचा लोट विरला तेव्हा पुलाचा काही भाग उभाच असल्याचे दिसून आले. बांधकामातील पोलाद अंदाजाहून अधिक निघाल्याचे नंतर सांगण्यात आले आणि उरलेला सांगाडा यंत्रांनी खाली आणावा लागला. तज्ज्ञांचा अंदाज चुकला म्हणून थोडीफार थट्टाही झाली. परंतु जेथे अंदाज चुकू शकतो तेथे माणसांची वर्दळ असू नये, एवढे भान राखले गेल्याने त्या चुकीची किंमत कोणाही नागरिकाला मोजावी लागली नाही.

हा प्रसंग आठवण्याचे कारण वेगळे आहे. बावधन आता निम्मे गाव आणि निम्मे नगर झाले आहे. बावधन बुद्रुकचा २०२१ साली पुणे महापालिकेत समावेश झाला आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणाऱ्या तरुणांच्या वसाहती टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोचल्या. अशा वसाहतींत आपल्या रोजच्या फोनवर प्रणालीची ‘बीटा’ आवृत्ती, म्हणजे अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यापूर्वीची, चाचणीसाठी काढलेली आवृत्ती चालविण्याची हौस वाढीस लागली आहे. शेजाऱ्याच्या आधी नवे रूप आपल्या हाती यावे, ही इच्छा मानवी आहे व तिच्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, पूल पाडताना जो रस्ता आपण बंद केला, तोच येथे आपण वाहतुकीसाठी खुला ठेवीत आहोत काय?

पूर्वी ही चाचणी कंपनीच्या चार भिंतींत, पगारी माणसांकडून होत असे. ॲपलने २०१५ साली आयफोनच्या प्रणालीची चाचणी सर्वसामान्य ग्राहकांना खुली केली. गूगलनेही २०१६ साली अँड्रॉइडसाठी तशीच योजना आखली. ॲप तयार करणाऱ्या व्यावसायिकांसाठीची, त्याहूनही कच्ची आवृत्ती मिळविण्यास ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागत. २०२३ साली तीही अट गेली. उंबरठा जसजसा खाली आला, तसतशी आत काय आहे याची विचारपूस कमी झाली.

या मार्गावरचा पहिला धोका परतीच्या वाटेचा आहे. नवी आवृत्ती चढविणे हे एका बोटाचे काम. उतरविणे मात्र तसे नाही. आयफोनवर जुन्या आवृत्तीकडे यायचे तर फोन संपूर्ण पुसावा लागतो, आणि बीटावर असताना घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीवर परत चढत नाही. आधी वेगळी प्रत जपून ठेवली नसेल तर मधल्या काळातील छायाचित्रे आणि संदेश यांवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते. अँड्रॉइडवरही चाचणीतून मध्येच बाहेर पडणाऱ्याचा फोन साधारणतः असाच पुसला जातो. ॲपलच्या घड्याळावर चढविलेली बीटा तर ग्राहकाला स्वतःहून उतरविताच येत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, कारण फोन आता केवळ बोलण्याचे साधन उरलेले नाही. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वत्र व्यवहार फोनवरून होतो, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. बँकांची ॲप फोनची प्रणाली ओळखीची व विश्वासार्ह आहे की नाही, हे पाहतात. अपरिचित आवृत्ती दिसली तर काही ॲप उघडण्यासच नकार देतात. फोन पुसल्यावर यूपीआयची नोंदणी नव्याने करावी लागते आणि सुरुवातीचा काही काळ मर्यादित रकमेचेच व्यवहार करता येतात. महिनाअखेरीस घरभाडे देणाऱ्याला किंवा रुग्णालयाच्या दारात अनामत भरणाऱ्याला ही गैरसोय किती महाग पडेल, याची कल्पना करावी.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या तरी कोठे निर्दोष असतात? आक्षेप खरा आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ॲपलने दिलेल्या ८.०.१ या अधिकृत आवृत्तीने नव्याकोऱ्या आयफोन ६ वर मोबाइलचे नेटवर्कच नाहीसे केले होते. कंपनीला ती थोड्याच वेळात मागे घ्यावी लागली. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ या एका जोडाक्षराने आयफोनवरील संदेशांची ॲप कोसळू लागली. गंमत अशी की, तो दोष अधिकृत आवृत्तीत होता आणि त्या वेळी चाचणीत असलेल्या पुढच्या आवृत्तीत दूर झालेला होता. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. सर्व चाळण्यांतून गेलेल्या धान्यातही खडा सापडतो, तर न चाळलेले धान्य थेट जात्यात ओतणे शहाणपणाचे कसे ठरेल?

त्या तेलुगू अक्षराची कथा आपल्यालाही काही सांगते. आपल्या लिप्यांच्या अडचणी परदेशी अभियंत्याला सहज दिसणार नाहीत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट उमटतो की मोडतो, ‘ॲ’ हे अक्षर दिसते की त्या जागी रिकामा चौकोन येतो, हे मराठी वाचणाऱ्यानेच पाहावयाचे आहे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. म्हणून मराठी माणसांनी चाचणीपासून दूर राहावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, अशा चाचणीदारांची गरज आहे. मात्र चाचणी म्हणजे नवे रूप मिरविणे नव्हे. दोष हेरणे, तो कसा घडला हे नोंदविणे आणि कळविणे, ही तिची खरी अंगे होत. आणि कळविलेले ऐकले जाईल, ही जबाबदारी कंपनीची. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या नव्या आवृत्तीने काही लोकांच्या फायली पुसून टाकल्या व मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले; त्या दोषाच्या तक्रारी स्वयंसेवी परीक्षकांनी आधीच नोंदविलेल्या होत्या, पण गर्दीत त्या हरवल्या. फुकटच्या परीक्षकांची फौज उभी करणे सोपे असते, तिचे म्हणणे ऐकणे कठीण.

तेव्हा मार्ग कोणता? ज्याला चाचणी करावयाची आहे त्याने ती कपाटात पडलेल्या जुन्या, दुसऱ्या फोनवर करावी. आधी संपूर्ण प्रत संगणकावर घ्यावी. ज्या फोनवर बँक, कचेरीचे टपाल आणि घरच्यांचा आधार अवलंबून आहे त्याला हात लावू नये. दोष शोधण्यासाठी चाचणीच्या आवृत्त्या फोनमधील तांत्रिक नोंदी कंपनीकडे पाठवितात, हेही ध्यानात ठेवावे. कचेरीची माहिती खाजगी फोनवर बाळगणाऱ्या अभियंत्याला तर ते विसरून चालणार नाही. कंपन्यांनीही धोक्याची सूचना कायदेशीर इंग्रजीच्या जंगलात न दडविता मराठीत, स्पष्ट शब्दांत द्यावी आणि माहिती न गमावता परतण्याची वाट उपलब्ध करून द्यावी.

फोन आपल्या खिशात असला तरी तो आपल्या एकट्याचा नसतो. गावी राहणारी आई रात्री दोन वाजता ज्या क्रमांकावर विसंबून असते, तो त्यातच असतो. तिने कोणत्याही चाचणीला संमती दिलेली नाही. स्वतःच्या जिवावर प्रयोग करण्याचा अधिकार आपण फार तर मान्य करू. पण प्रयोग चालू असताना त्या रस्त्याने दुसरे कोणी येणार नाही, एवढी खात्री आधी करून घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. चांदणी चौकात ते एका रात्रीपुरते पाळले गेले. खिशातल्या चौकातही ते पाळावयास हवे.