गिरणीची मनिऑर्डर, आखाताचा ड्राफ्ट

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ज्या मुलखातल्या नाते गावी जन्मले, त्या महाड-पोलादपूरच्या मुलखातून पोटासाठी दोन प्रवाह बाहेर पडले: एक मुंबईच्या कापडगिरण्यांकडे, जेथे गावकीच्या एकाच खोलीत पाळीपाळीने निजून व खाणावळीत जेवून शिल्लक टाकलेली रक्कम मनिऑर्डरीने घरी येई; दुसरा, विशेषतः कोकणी मुसलमानांचा, आधी जहाजांवर आणि १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखातात. कष्टांत डावे-उजवे नव्हते. परंतु विनिमयदराच्या कृपेने आखातवाल्यांची दुमजली घरे उभी राहिली, तर जानेवारी १९८२ च्या संपाने गिरणीवाल्यांची मनिऑर्डरच खुंटली. मुंबईकर झालेला निदान मुंबईत राहू शकला. आखाती राज्ये मात्र परक्या मजुरास सहसा नागरिकत्व देत नाहीत.