जात्यावरची ओवी

गाणं म्हणजे मंचावरचंच, असं वाटत असेल तर जात्यापाशी या.

पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या. एकच खुंटा दोघींच्या हातात, मधूनच जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळ्याचा घास. एकीनं ओवी सुरू केली की दुसरी सूर धरायची. पहिली ओवी देवाला, मग आई, भाऊ, लेक. चारचौघांत बोलता न येणारं सासरचं दुःखही इथंच निघायचं, कारण घरघरीत ते झाकलं जाई. पुढे याच ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर आले, तेही घरच्या माणसासारखे. मला यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं: शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी आपला काळ स्वतः मांडून ठेवला.



पिठाची गिरणी आली, पाठीचे कष्ट गेले. ते बरंच झालं, पण गाण्याची जागाही गेली. पण त्या ओव्या हरवू नयेत म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांसह १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. आजी असेल तर तिलाही ऐकवा. तिला पुढची ओवी नक्की आठवेल.