दारे धरणाऱ्याचे हात



फवारणी करून आलेला माणूस घरी येऊन बसतो. घाम थांबत नाही, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांना अंधूक दिसते, पोटात कळ येते. घरचे म्हणतात, ‘ऊन लागले असेल,’ आणि ताक देऊन निजवतात. इथेच घात होतो. हे ऊन नव्हे, विषबाधा असू शकते, आणि तिच्यावर औषध आहे. मात्र ते वेळेवर मिळाले पाहिजे.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरात काय करतात, हे पाटपाण्याच्या दृष्टांताने समजून घेऊ. मज्जातंतूचा निरोप स्नायूंना व ग्रंथींना पोचवणारे एक द्रव्य असते, ॲसिटिलकोलीन. ते म्हणजे पाटाचे पाणी. निरोप पोचला की हे द्रव्य मोडून टाकणारे एक विकर असते. ते म्हणजे दारे धरणारा माणूस. वाफा भरला की तो पाणी बंद करतो. कीटकनाशक या माणसाचे हात बांधून टाकते. मग पाणी वाहतच राहते आणि वाफा फुटतो. लाळ, घाम, जुलाब, छातीत साचणारा कफ आणि शेवटी अडकणारा श्वास, ही सारी त्याचीच लक्षणे.

या जातीची विषे शोधताना जर्मनीतील गेऱ्हार्ड श्रेडर हे रसायनशास्त्रज्ञ किडींवर औषध शोधत होते. १९३६ साली त्यांच्या हाती टाबून हे द्रव्य लागले. ते इतके जहाल निघाले की पुढे त्याचे युद्धातील विषारी अस्त्र झाले. म्हणजे आपल्या फवारणीचे औषध आणि ते अस्त्र एकाच कुळातले.

उताऱ्याची औषधे मुख्यतः दोन. पहिले ॲट्रोपिन. ते वाफ्याला बांध घालते, वाहणारे पाणी आत शिरू देत नाही. माणसाचा जीव प्रथम तेच वाचवते, पण बांधलेले हात ते सोडवत नाही. दुसरे प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे ‘पॅम’. अमेरिकेतील अर्विन विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५५ साली पुढे आणले. ते हातांची गाठ सोडवते. मात्र गाठ भिजून घट्ट झाली की सुटत नाही. काही कीटकनाशकांची गाठ थोड्याच तासांत पक्की होते. म्हणूनच वेळेला एवढी किंमत.

‘पॅम’ किती व कसे द्यावे, याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बारामतीत झाला. तो २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०० रोग्यांपैकी निम्म्यांना पहिल्या मात्रेनंतर औषध सतत शिरेतून दिले, निम्म्यांना दर चार तासांनी. सतत दिलेल्या गटात १ रोगी दगावला, दुसऱ्यात ८. पुढे २००९ साली श्रीलंकेतील अभ्यासात मात्र या औषधाचा फायदा दिसला नाही. विष कोणते, किती आणि रोगी किती उशिरा आला, यावर बरेच अवलंबून असते. शिवाय हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही. मेंदूत शिरून गाठ सोडवील अशा औषधाचा शोध म्हणूनच चालू आहे.

मेंदूची काळजी करायला कारण आहे. निकाराग्वा देशात ३६ शेतमजुरांना तीव्र विषबाधा झाली होती. सुमारे दोन वर्षांनंतर त्यांची तपासणी केली, तेव्हा स्मरण व एकाग्रतेच्या चाचण्यांत ते इतरांपेक्षा मागे पडले. हा अभ्यास १९९१ सालचा. दवाखान्यातून घरी आला म्हणजे माणूस पूर्ण बरा झाला, असे नव्हे.

आता नवलाची गोष्ट. म्हातारपणी विसरभोळेपणा आणणाऱ्या अल्झायमर रोगात मेंदूतील तेच पाणी आटत जाते. त्यावरची डोनेपेझिलसारखी औषधे त्याच दारे धरणाऱ्याला जरा सावकाश काम करायला लावतात, म्हणजे उरलेले थोडे पाणी वाफ्यात जास्त वेळ टिकते. विष हात कायमचे जखडते. औषध मोजक्या मात्रेत थोडा वेळ आवरून धरते. डोनेपेझिल अमेरिकेत १९९६ साली मान्य झाले. रोग त्याने जात नाही, काही जणांची लक्षणे काही काळ सौम्य होतात, एवढेच. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आपण काय करावे?

१. लक्षण दिसताच कपडे उतरवून अंग, केस साबणाने धुवावे. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात.

२. उलटी करवू नये, दूध पाजू नये. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवावे.

३. औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत घेऊन मोठे रुग्णालय गाठावे.

४. धोतऱ्यात ॲट्रोपिनसारखी द्रव्ये असतात, म्हणून तो घरी देण्याचा प्रयोग कदापि करू नये. मात्रा कळत नाही आणि दुसरे विष अंगी भिनते.

५. बरे वाटले तरी घरी जायची घाई करू नये. एक ते चार दिवसांत मान व श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडू शकतात.

६. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगेपर्यंत पंप पाठीवर घेऊ नये.

घरातील कर्ता माणूस विसरू लागला तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. पूर्वी फवारणीत कधी विषबाधा झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून काढता येते. माणसाचे येत नाही.