सोलापूरची सायंफेरी : पाट्या, पुतळे आणि शिंदी

मोठ्या शहरांतून अलीकडे एक नवी रीत रूढ होत चालली आहे. दिवस मावळला की दहा-पंधरा हौशी माणसे एखाद्या चौकात जमतात, शहराची खडानखडा माहिती असलेला वाटाड्या पुढे होतो, आणि मग गल्लीबोळांतील रंगविलेल्या भिंती पाहत पाहत ही मंडळी मधूनमधून एखाद्या मद्यगृहात विसावतात. लंडन-बर्लिनसारख्या शहरांत हा प्रघात चांगलाच रुळला आहे. भारतातही दिल्लीच्या लोधी वसाहतीतील सरकारी घरांच्या भिंती चित्रकारांनी रंगविल्या. मुंबईची ससून गोदी २०१७ साली चित्रांनी भरून गेली, आणि मासळीच्या वासाची पर्वा न करता ती पाहावयास लोक लोटले. चित्र आणि पेला या दोहोंच्या साहाय्याने शहराची ओळख करून घ्यावी, अशी ही कल्पना आहे.

ही कल्पना सोलापुरास लावून पाहावी असे कोणी सुचविल्यास ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. गिरण्या, चादरी, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गावात भित्तिचित्रे कोठली, आणि मद्यगृहांत पाहण्यासारखे ते काय असणार? प्रश्न रास्त आहे. तथापि रस्त्यावरचे चित्र म्हणजे केवळ चित्रकाराने हौसेने रंगविलेली भिंतच, असा संकुचित अर्थ न घेता रस्त्यावर जे जे लिहिलेले, कोरलेले, उभारलेले आणि रेखाटलेले दिसते ते सर्व त्यात धरले, तर सोलापूर हे फार बोलके गाव ठरते. इतकेच नव्हे, तर येथील चित्र आणि येथील पेला यांचा परस्परसंबंध अन्य कोणत्याही शहराहून अधिक जवळचा आणि अधिक गंभीर आहे.

फेरीचा आरंभ महानगरपालिकेच्या इंद्रभुवनापासून करावा. अप्पासाहेब वारद यांनी बांधविलेली ही वास्तू मुळात एका धनिकाचा प्रासाद. तिचा नक्षीदार दर्शनी भाग संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहण्यासारखा दिसतो. मात्र तेथे फार वेळ रेंगाळू नये. खरी मौज पुढे बाजारपेठेत, दुकानांच्या पाट्यांवर आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा ह्या गावाच्या जिभेवर नांदतात. पूर्व भागात, म्हणजे तेलंगणातून येऊन येथे स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, मराठी पाटीखालचे नाव तेलुगू असते, बोलणे तेलुगू असते, आणि घराघरांतून मागाचा खडखडाट ऐकू येतो.

पूर्वी ह्या पाट्या आणि चित्रपटगृहांवरचे प्रचंड फलक कुंचल्याने रंगविले जात. ह्या कलेला कमी लेखण्याची चूक कोणी करू नये. सोलापूर जिल्ह्यातीलच पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलकच रंगविले होते. पुढे छापील फलक आले आणि कुंचला मागे पडला. सोलापुरात अशा फलकास ‘डिजिटल’ असे नाव पडले आहे. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचे अभीष्टचिंतन, असे निमित्त निघाले की चौकात डिजिटल झळकते. त्यावरील चेहऱ्यांची दाटी पाहून त्यास कला म्हणावे की काय, असा प्रश्न रसिकास पडेल. पण चौकाचौकांतील मानपान कोठे कसे चालतात, हे त्यावरून जितके कळते तितके दुसऱ्या कशावरून कळणार नाही.

आता दिवे लागले आहेत. ह्या वेळी एक विशिष्ट पाटी प्रत्येक मोठ्या रस्त्यावर उजळते : ‘परमिट रूम व बिअर बार’. महाराष्ट्रात ही पाटी इतकी सर्वत्र आढळते की तिचा अर्थ विचारण्याचे कोणास सुचतच नाही. ‘बार’ हा शब्द पुरेसा असता, मग ‘परमिट’ कशासाठी? ह्याचे उत्तर असे की, कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात दारूबंदी आजही उठलेली नाही.

हे विधान प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. तत्कालीन मुंबई प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी अमलात आणली. दारू बनविणे, विकणे, बाळगणे आणि पिणे ही सारी कृत्ये त्या कायद्याने निषिद्ध ठरली. अपवाद फक्त परवानाधारकांचा, आणि तो परवाना प्रकृतीच्या कारणास्तव, वैद्यकीय दाखला पाहून मिळावयाचा. कायद्याच्या काही कलमांविरुद्ध दाद मागण्यात आली, तेव्हा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांवरील निर्बंधांसारखी काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे १९६० नंतरच्या दशकात सरकारने धोरण सैल केले. परंतु सैल केले ते कायदा रद्द करून नव्हे, तर परवाना सुलभ करून. १९७३ साली देशी दारूसाठी स्वतंत्र नियम झाले आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही दुसरी पाटी रस्त्यावर आली. तात्पर्य, मूळ निषेध जागच्या जागी राहिला आणि त्यास पाडलेली खिडकी तेवढी रुंदावत गेली. परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मही मिळतो. शुल्क अगदी नाममात्र. बिअर व वाइन यांस वयाची अट २१ वर्षांची, कडक मद्यास २५ वर्षांची. वर्धा आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांत तर ही खिडकीही बंद आहे. खुर्चीवर बसलेल्या किती गिऱ्हाइकांच्या खिशात परवाना असतो, हे विचारण्याच्या भरीस कोणी पडत नाही. पाटीवरचा तो एक शब्द मात्र जुन्या निश्चयाची खूण म्हणून दिव्यांच्या झगमगाटात उभा आहे.

हा निश्चय केवळ विधिमंडळात जन्मास आला नाही. त्याचा एक पाय सोलापूरच्या मातीत आहे, आणि म्हणूनच वाटाड्याने आपला मेळा येथून हुतात्मा चौकाकडे न्यावा. तेथे चार पुतळे उभे आहेत : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. निरनिराळ्या जातिधर्मांच्या ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. गावातील शाळकरी मुलांनाही त्यांची नावे पाठ असतात. पण ह्या प्रकरणाचा उगम शिंदीच्या झाडांत आहे, ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यास सहसा ठाऊक नसते.

शिंदी हे खजुराच्या जातीचे रानझाड. शेंड्याच्या खाली खोडास खाच पाडून तेथे मडके बांधले की रात्रभर रस ठिबकत राहतो. ज्या मडक्यास आतून चुना लावला असेल त्यातला रस सूर्योदयापूर्वी उतरविल्यास तो गोड, निर्मळ आणि निरुपद्रवी असतो. त्यास नीरा म्हणतात. चुना नसेल आणि ऊन चढले, तर हवेतील व मडक्यातील किण्व आपले काम सुरू करते, रसातील साखरेचा मद्यार्क होऊ लागतो, आणि काही तासांतच तीच नीरा आंबट, फेसाळ व मादक बनते. ताडाच्या झाडापासूनही असाच रस निघतो. ज्या झाडाचा छेद घ्यावयाचा त्यावर अबकारी खात्याची परवानगी आणि कर असे. त्यामुळे १९३० सालच्या चळवळीत शिंदीच्या झाडाकडे लोक दुहेरी नजरेने पाहू लागले. कामकऱ्याच्या मजुरीतील पैसा मडक्यात जात होता आणि मडक्यावरचा पैसा परक्या सरकारच्या तिजोरीत जात होता. मिठासाठी समुद्र नसलेल्या मुलखास सत्याग्रहाचे हे एक जवळचे स्थान होते. दुकानांपुढे निरोधन करणे आणि झाडे तोडणे, ह्या दोन्ही मार्गांनी तो चालला.

महात्मा गांधींना मे १९३० च्या आरंभी अटक झाली. ती वार्ता येताच सोलापूरच्या गिरण्या थंडावल्या आणि कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी मोठा जमाव लोटला. पोलिसांनी हस्तक्षेप केला, प्रकरण हातघाईवर आले आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण प्राणास मुकला. संतापलेल्या जमावाने पुढे पोलिसांवर हल्ला केला, न्यायालयाच्या इमारतीस आग लावली. त्यानंतरचे काही दिवस गावात सरकारी सत्ता नावालाही उरली नाही. व्यवहार आणि रहदारी स्वयंसेवकांनी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांवर खटला चालला, आणि त्याचा शेवट त्या चार पुतळ्यांपाशी येऊन ठेपतो.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. झाडाचा त्यात काही अपराध नव्हता. काही वर्षांतच, १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने नीरा आणि ताडगूळ यांचा आवर्जून पुरस्कार केला. म्हणजे ज्यांच्या सांगण्यावरून झाडांवर कुऱ्हाड चालली, त्यांनीच पुढे त्या झाडांचा गूळ करावयास शिकविले. चळवळीच्या भरात कुऱ्हाड सोपी असते, गूळ करणे कठीण असते. ज्याचे पोट छेद घेण्यावरच चालत होते त्या गरिबाचे पुढे काय झाले, ह्याची चौकशी इतिहासाने फारशी केलेली दिसत नाही.

शिंदी-ताडी आजही संपलेली नाही. फेरीतील एखाद्या उत्साही पाहुण्यास ती चाखून पाहण्याची लहर येईल. वाटाड्याने त्यास निःसंकोच आवरावे. झाडांच्या मानाने मागणी मोठी झाली की झाडाविना ताडी तयार होऊ लागते : पाणी, साखरेच्या जागी कृत्रिम गोडी, आणि झिंग आणण्यासाठी क्लोरल हायड्रेट नावाचे झोपेचे औषध. हे रसायन मज्जासंस्थेवर आघात करते, त्याची सवय जडते, आणि ते एकाएकी सोडल्यास माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. अशा ताडीने माणसे दगावतात. आणि तिचा गिऱ्हाईक परमिट रूममध्ये बसणारा नसतो, तर ज्यास तेथील दर परवडत नाही असा मजूर असतो.

हुतात्मा चौकापासून सिद्धेश्वराचे देवालय आणि त्याचा तलाव जवळच आहेत, पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे हे स्थान. मकरसंक्रांतीच्या सुमारास येथे गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वज हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात, आणि योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो. ज्या रस्त्याने हे ध्वज जातात त्यावर रांगोळ्या घातल्या जातात. सोलापूरची खरी रस्त्यावरील चित्रकला पाहावयाची असेल तर ती ही. चित्रकार तासन्‌तास वाकून रेषा ओढतो, आणि पहिला नंदीध्वज पुढे सरकताच भक्तांच्या पायांखाली चित्र पुसले जाते. ते पुसले जावे ह्याचसाठी काढलेले असते. यात्रेच्या शेवटी होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. मराठीत आतषबाजीच्या आणि मद्याच्या दारूस एकच शब्द आहे, ह्याची मौज येथे वाटल्यावाचून राहत नाही. १२ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि ही यात्रा पंचांगात एकमेकांस लागूनच येतात. पुतळ्यांना हार घालून परतणारी माणसे रांगोळीच्या तयारीस लागतात.

रात्र झाली की फेरी पूर्व भागात परतावी. तेथील एखाद्या गल्लीत देशी दारूच्या दुकानासमोर बायकांचा घोळका उभा दिसण्याचा संभव आहे. विडी वळून, माग चालवून मिळविलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वी कोठे जातो, हे त्यांना पक्के माहीत असते. १९३० साली दुकानासमोर उभे राहणाऱ्या स्वयंसेवकास तुरुंग ठरलेला होता. ह्या बायकांसाठी २००८ साली शासनाने एक निराळी वाट काढली. गावातील अथवा प्रभागातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास दुकान राहावे की जावे, ह्यावर गुप्त मतदान घ्यावयाचे, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते विरुद्ध पडल्यास दुकान बंद करावयाचे. म्हणजे जी घरी राहिली तिचे मत आपोआप दुकानाच्या पारड्यात जाते. मतपत्रिकेवर नावे नसतात, कारण वाचता न येणाऱ्या बाईलाही आपले मत नोंदविता यावे. तीवर दोनच चित्रे असतात : एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली.